बाभळीच्या सालीतले मणी

हौसावर कुणी म्हणून विश्वास ठेवत नव्हतं. मडकं फुटलं, तर म्हणे हौसानं फोडलं. काढा बिघडला, तर म्हणे हौसानं साल भलतीच आणली. पोर सांगून सांगून थकली, पण आईबापाविना वाढलेल्या पोरीचं ऐकतंय कोण?

तिला सांभाळणारी पारूआत्या गावाला झाडपाल्याची औषधं द्यायची. आता तिच्याच पोराचं, नाम्याचं, तोंड आलं होतं. एवढासा जीव, जिभेवर लालबुंद फोड, भाताचं शीत गिळवेना. एरवी बाभळीच्या सालीच्या काढ्यानं गुळण्या केल्या की आराम पडायचा. या खेपेला काढा शाईसारखा काळाकुट्ट झाला आणि गुण काही येईना.

"नीट बघून आण," आत्या म्हणाली. "पुन्हा चुकलीस तर रानात पाऊल टाकायचं नाही."

दारात आत्याची लाडकी शेळी ठमी निवांत रवंथ करत बसली होती. तिला कुणी काही बोलत नसे.

ओढ्याकाठची बाभूळ पिवळ्याधमक, मऊमऊ गोंड्यांनी लहडली होती. हौसानं फांदीवरून सालीची इवलीशी पट्टी सोलली आणि नेहमीसारखा त्या जागी ओला चिखल लिंपला.

"दुखलं का गं?" तिनं झाडाला विचारलं.

"गार वाटलं," वरून कुणीतरी म्हणालं.

पांढऱ्याशुभ्र काट्याच्या टोकावर बोटाएवढी परी बसली होती. नेसूला गोंड्याचा सोनेरी परकर, पाठीवर कोवळ्या पानांचे चिमुकले पंख, आणि सगळ्या अंगावर दवाची चमचम.

"साल ओरबाडून नेणारे पुष्कळ," परी म्हणाली. "चिखल लावणारी तू एकटीच. काय हवं ते माग."

"सालीतलं औषध मला दिसू दे. ते कुठं नाहीसं होतं एवढं कळलं, की नाम्या जेवेल."

"आणि तुला काही नको?"

"तो जेवला की मला झोप लागेल. कानाशी रडत असतो."

परी खुदकन हसली. "दिसेल. पण नेम आहे. डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाला दोष द्यायचा नाही. दिलास की दिसणं बंद."

हौसानं हातातली साल बघितली. आत मधाच्या रंगाचे बारीक बारीक मणी लुकलुकत होते! म्हणजे साल खरी होती. घरी पोचेपर्यंत त्यातला एकही विझला नाही.

आत्यानं लोखंडी कढईत पाणी ठेवून अर्धी साल टाकली. मणी पाण्यात उतरले, लोखंडाला भिडले आणि काजळीसारखे काळे पडत गेले. 'आत्या, तूच' एवढं हौसाच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"आत्या, उरलेली साल मला दे. शेजारच्या शेवंताकाकूंचं मडकं आणते. पाणी तेवढंच, जाळ तेवढाच. मग तूच बघ."

"मडकं? आमचं फोडून झालं, आता त्यांचं?" आत्या पुटपुटली, पण साल दिली.

मडक्यातला काढा तांबूस, लख्ख झाला. मणी त्यात नाचत होते. नाम्यानं गुळण्या केल्या, परत केल्या, आणि दिवस कलताना थाळी पुढे सरकवली. "दूधभात. अजून."

आत्यानं कढईतला काळा काढा अंगणात ओतून दिला. "साल तुझी बरोबरच होती गं. लोखंडानं घात केला. पण तू मडकं फोडलंस, म्हणून तर मी कढई घेतली."

हौसानं नाम्याच्या थाळीत आणखी भात वाढला. कुणी फोडलं ते तिनं कुठं बघितलं होतं?

तेवढ्यात ओट्यावर निवत ठेवलेल्या मडक्याशी शेळी आली. पुढचे पाय ओट्यावर टेकून तिनं मडक्याची ओली माती चाटली, आणि मडकं हलेना म्हणून शिंगांनी दिली धडक. आत्यानं झडप घालून मडकं धरलं.

शेळीच्या शिंगावर सोनेरी परकर झळकला. "आता बघितलंस ना? मग घे नाव," परी म्हणाली. सगळं अंगण हळदीसारखं उजळलं आणि ओट्यावर फक्त एक पिवळा गोंडा उरला.

आत्यानं हौसाला जवळ ओढलं. "तुझ्यावर उगाच तोंड टाकलं. मग आपलं मडकं फोडलं कुणी?"

हौसानं कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला आणि सांगितलं, "ठमीनं."