तिरसाचं मूठभर पीठ

एकदा काय झालं, पार तिकडे इस्राएल देशात तिरसा नावाची एक बाई होती. धाकट्या बहिणीशी भांडली आणि रागाच्या भरात देवाची शपथ घेऊन बसली, "तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही!" मग ती बहीण बाळंतपणात अडली. तिरसा राहते होय घरी? गेली धावत. बाळ सुखरूप आलं. पण बहिणीची सासू आडवी आली. "शपथ मोडलीस! आधी मंदिरात अर्पण दे. तोवर बाळाला हात लावायचा नाही."

मग तिरसाने घरचं एकुलतं कोकरू नेलं. दारातल्या कोहेनाने, म्हणजे तिथल्या पुजाऱ्याने, ते उलटंपालटं करून पाहिलं. "कानाला ओरखडा आहे. चालायचं नाही."

अरे, देवाने निर्दोष जनावर मागितलं ते कुणी आपलं मरतुकडं त्याच्या गळ्यात मारू नये म्हणून. गरिबाला पिटाळायला नव्हे, बरं का!

मग तिने पारव्याची दोन पिल्लं नेली. गरिबाची तीही देवाला चालत. "ह्याचं पीस वाकडंय." पुन्हा परत!

मग कापणीनंतर शेतात पडून राहिलेला सरवा वेचून, दळून, मूठभर गव्हाचं पीठ नेलं. ज्याला पिल्लंही जमत नाहीत त्याचं पीठ घ्या, हे देवानेच सांगून ठेवलेलं. कोहेन हसला. "बाई, देव काय रोट्या भाजत बसलाय?" आणि पीठ दिलं पायरीवर उधळून.

तिरसाचं डोकं फिरलं. "माझं देणं देवाला आहे, तुझ्या नाकाला नाही!"

मग काय व्हावं? आत वेदीवर एका सावकाराचा लठ्ठ बैल चढवला होता. त्याला सोडून आग खाली उतरली. मांजरीसारखी पायऱ्या उतरत आली, कोहेनाला वळसा घातला आणि पीठ कणन् कण चाटून गेली. बैल कच्चाच राहिला. गावभर गरम रोटीचा वास सुटला. वास घेत बहिणीची सासू बाळाला घेऊन मंदिराच्या दारात आली, आणि तिने बाळ तिरसाच्या ओटीत ठेवलं.

आणि आपल्याकडे, इथल्या यहुदी घरांत? परवा शेजारच्या गरीब एस्तेरबाईने मलिद्याच्या, म्हणजे आपल्या देवाच्या अर्पणाच्या, ताटात गोड पोह्यांवर पाच फळांऐवजी एकच केळं ठेवलं, तर प्रार्थनेला आलेल्या बायका कुजबुजल्या. मी म्हटलं, गप्प बसा! केळं तुम्हांला आणलंय का देवाला?

तिरसा, बहीण, बाळ सगळी सुखाने नांदली. रिव्का, पुढच्या मलिद्याला एस्तेरबाईच्या ताटातला घास आधी तू मागायचास. मिटा आता डोळे, पोरांनो.