पांगाऱ्याचं फूल

मुलांनो, डोंगरातून निघून समुद्राला मिळणारी एक नदी होती. तिच्या खाडीकाठच्या तिवराच्या झाडावर एक म्हातारी बगळी राहत असे. याच झाडावर ती अंड्यातून बाहेर आली होती. आता मात्र तिचा थवा दुसऱ्या खाडीकडे निघायच्या बेतात होता. हल्ली फाल्गुन लागला की इथलं पाणी नुसतं मीठ होई. चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मरून पडत आणि बारीक मासळी दिसेनाशी होई. "आजी, इथं काय उपाशी मरायचं? चल आमच्याबरोबर," तरणे बगळे म्हणत. "या वयात घर सोडून कुठं जाऊ रे?" ती म्हणे.

तिला आपल्या आईच्या वेळचे दिवस आठवत. काय दिवस होते ते! पांगारा फुलला की उगमाजवळचा खेकडा एक लालभडक फूल प्रवाहात सोडायचा. फूल आपल्यासमोरून जाईल तेव्हाच ज्यानं त्यानं पाणी चाखायचं आणि फुलाच्या मागोमाग खाडीवर यायचं, अशी रीत होती. त्यामुळे डोंगरापासून खाडीपर्यंत सगळे एकाच पाण्याबद्दल बोलत, आणि तिवराखाली गप्पांना नुसता ऊत येई. पुढं खेकडा आणि डोहातलं पाणमांजर यांचं "पाण्यातलं मला जास्त कळतं" यावरून बिनसलं, आणि फूल सोडणं बंद पडलं.

बगळी थकल्या पंखांनी डोंगरात गेली. खेकडा नांगी उगारून म्हणाला, "बगळीबाई, माझं पाणी मी रोज चाखतो. अगदी नितळ आहे! खाली त्या पाणमांजरानं काय गोंधळ घातलाय, ते त्यालाच विचारा." मग ती खाली डोहावर आली. पाणमांजर मिशा पुसत म्हणालं, "माझ्या पाण्यात तिळभर खोट नाही, मावशी. जरा कमी आहे, पण ते वरूनच कमी येतं. त्या तिरक्या चालीच्याला विचारा!" दोघंही खोटं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत होती.

बगळीला रडू फुटलं. "अरे बाबांनो, तुमचं भांडण तुम्हाला लखलाभ! पण माझं घर सुटतंय रे. एकदाच, आईच्या वेळेसारखं फूल सोडा." ती पुन्हा खेकड्याकडे गेली आणि तेच म्हणाली. खेकडा वरमला. त्यानं फूल पाण्यात सोडलं आणि काठाकाठानं तोही निघाला. फुलानं त्याची हद्द ओलांडली, पण डोहात वाट पाहणाऱ्या पाणमांजराला ते काही दिसेना. शेवटी तेच शोधत वर आलं. मधल्या वळणावर एक उंबर उन्मळून आडवा पडला होता. पाचोळा आणि गाळ साचून त्याचा बांध झाला होता, आणि निम्मं गोडं पाणी खाडीकडे न जाता बाजूच्या लव्हाळ्यात शिरून मुरत होतं. फूल तिथंच गरगरत होतं.

"ही जागा काही माझी नाही," खेकडा म्हणाला.

"माझीही नाही," पाणमांजर म्हणालं. मग दोघं एकमेकांकडे पाहून चांगलीच ओशाळली. पाणमांजरानं फांद्या ओढल्या, खेकड्याच्या गोतावळ्यानं खालचा गाळ उकरला, आणि उरलेलं काम पाण्यानंच केलं.

बगळी तिवरावर परतली तेव्हा थवा पंख पसरून तयार होता. "थांबा रे, ओहोटी तरी लागू दे," ती काकुळतीनं म्हणाली. ओहोटी लागली, आणि उतरत्या पाण्यावरून कोमेजलेलं लाल फूल हळूहळू आलं. मागून पाणमांजर पोहत येत होतं, त्याच्या पाठीवर खेकडा बसला होता आणि दोघांची "आधी मी चाखणार" म्हणून हुज्जत चालली होती! एका तरण्या बगळ्यानं चोच बुडवली. "आजी, खारटपणा कमी झालाय गं!"

"माझ्या आईच्या वेळी असंच लागायचं," बगळी म्हणाली, आणि तिचे डोळे वाहू लागले. थव्यानं पसरलेले पंख मिटले.

तात्पर्य : नदी एकच असते, हद्दी आपण पाडतो. ज्यानं त्यानं आपलाच तुकडा तपासला, तर दुखणं मधल्या जागेत राहून जातं.