घासलेलं गाडगं

“मग अडलंय कुठं?” हरगिरीबुवांनी विचारलं.

“पोटात,” टेंबे म्हणाले.

रघुवीर टेंबे शहराच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. पाण्यातले जंतू मारण्यात हयात गेली, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. ओढ्याकाठच्या या मठात ते बुवांचा अनुग्रह घ्यायला आले होते. पण ध्यानाला बसलं की सगळं लक्ष पोटाकडे.

“रोज रेचक चूर्ण घेतो. पूर्वी चिमूटभर पुरायचं, आता चमचाभर घेऊनही होत नाही. जरा गुडगुडलं की जंतू मारायची गोळी घेतो. आत काही म्हणून राहू देत नाही, बुवा. तरी…”

“तरी?”

“भीती वाटते. हे असंच शेवटपर्यंत चालणार का?”

बुवा मटकी निवडत होते. एक खडा काढून त्यांनी बाजूला ठेवला.

“दही लावता येतं?”

“त्यात काय यायचंय?” टेंबे म्हणाले. घरी हे काम पत्नीचं. त्यांनी कधी वाकूनही पाहिलं नव्हतं.

“मग ती सेवा तुमची. गाडग्यात कोमट दूध ओता आणि झाका.”

मठात दह्याचं एकच गाडगं होतं. तळाशी थोडं दही राखायचं आणि त्यावरच नवं दूध ओतायचं, असा रिवाज. टेंब्यांनी आत डोकावलं. काठाला पिवळट खरपुडी, तळाला आंबट वास. त्यांना शिसारी आली. त्यांनी तळ खरवडून टाकला, गाडगं राखेनं घासलं, उकळत्या पाण्यानं विसळलं आणि मग दूध ओतलं. काम मन लावून केलं, यात शंका नाही.

सकाळी दुधाचं दूधच होतं, वर थोडा नासका वास.

पंगतीत सगळ्यांनी भाकरी चटणीशी खाल्ली. कुणी काही बोललं नाही. टेंब्यांना तेच जास्त लागलं.

“दही का लागलं नाही?” बुवांनी विचारलं.

“मी गाडगं धुतलं.”

“दही कोण लावतं?”

उत्तर टेंब्यांना पाठ होतं.

“…जंतू.”

“तुम्ही मारता ते?”

“नाही, नाही. हे चांगले असतात.”

“उकळत्या पाण्याला हे कळतं?”

टेंबे मोकळ्या गाडग्याकडे बघत राहिले. मग नकळत त्यांचा हात पोटावर गेला.

“आता काय करू?”

“खालच्या वाडीतून विरजण मागून आणा.”

मागायची सवय नसलेला माणूस वाटी घेऊन धनगराच्या दाराशी उभा राहिला. घरातल्या म्हातारीनं वाटीत दही घातलं. “न्या की. मागं मठातनंच आणल्यालं हाय.”

पहिलं दही पातळ, तार सुटलेलं लागलं.

“फेकू?”

“असू द्या. त्यातलंच उद्यासाठी ठेवा.”

टेंब्यांनी ठेवलं. रोज ठेवत गेले. दही हळूहळू घट्ट लागू लागलं. पंगतीत भाकरी, पालेभाजी, मटकीची उसळ आणि वर ते दही. बुवांच्या सांगण्यावरून गोळी बंद झाली. चूर्णाचा चमचा अर्ध्यावर आला, मग चिमटीवर.

एका सकाळी टेंबे आरतीला उशिरा आले. चेहरा उतरलेला नव्हता.

“झालं?” बुवांनी विचारलं.

“झालं. काही न घेता.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्याशा गोष्टीसाठी रडायची त्यांना लाजही वाटली नाही.

आरती संपताच त्यांनी चूर्णाचा डबा आणि गोळ्यांची पिशवी उचलली आणि तडक ओढा गाठला. सगळं एकदाचं पाण्यात रिकामं करायचं म्हणून हात वर केला.

मागून बुवांनी मनगट धरलं.

“ओढ्यात नको, टेंबे. तिथंही राहणारे आहेत.”