घंटा आणि फक्कीचे चौकोन

ओतकामाच्या दिवशी दादा सगळ्यांच्या मागे का उभा राहतो? लहानपणापासून सिदू हा प्रश्न विचारत आला होता. दादा नुसता हसायचा. नाथाकाका म्हणायचे, "दादालाच विचार." वाळू चाळणाऱ्या पारूआत्या म्हणायच्या, "आधी नाक पूस, मग प्रश्न विचार." पुढे एका तापाचे निमित्त होऊन दादा गेला आणि प्रश्न तसाच राहिला.

नदीकाठच्या एका गावात या दादाचा, म्हणजे सिदूच्या थोरल्या भावाचा, मल्हारीचा, घंटा ओतायचा कारखाना होता. वितळलेल्या धातूची मूस लांब दांड्यांवर घालून चौघे जण खांद्यावर उचलत आणि साच्यात ओतत. धार अखंड पडावी लागे. ती मध्ये तुटली, तर घंटा फुटक्या आवाजाची निघे. म्हणून तिथे एक रीत होती. कुणाचा खांदा थकलेला दिसला, की जवळच्याने हातातले काम टाकून दांडीला आपला खांदा द्यायचा. थकलेल्याने मागायचे नाही, देणाऱ्याने बोलून दाखवायचे नाही.

जाण्यापूर्वी मल्हारीने नावाड्यांना शब्द दिला होता. धुक्यात त्यांची नाव काठ चुकत असे. घाटावर घंटा वाजली, की तिच्या आवाजाने नाव सुखरूप लागणार होती. "थंडीच्या आत देतो," असे तो म्हणाला होता. आता तो शब्द सिदूच्या अंगावर येऊन पडला.

सिदू शाळेत फार टिकला नव्हता, आणि मनात येईल ते लगेच करून मोकळा व्हायचा. तो कारखान्यात आला तेव्हा कानशीने घंटा घासणारा गणू वाळूपाशी उभा होता, पारूआत्या भट्टीपाशी होत्या आणि काहीतरी थट्टा चालली होती. दादाचा पंचा अजून खुंटीवर होता, आणि ही माणसे हसत होती. सिदूला वाटले, दादा गेला म्हणून सगळे उंडारतात.

त्याने त्याच दिवशी चुन्याची फक्की आणून जमिनीवर चौकोन आखले. प्रत्येकाला एक, शिवाय भट्टीभोवती एक रेघ. जो आपला चौकोन सोडेल त्याने घरी जायचे. नजर ठेवायला त्याने उंच मचाण बांधले आणि वर जाऊन बसला.

"माझी सावली गणूच्या चौकोनात गेलीय," पारूआत्या म्हणाल्या. "तिला घरी पाठवू का?"

"मला शिंक येतेय," गणू म्हणाला. "कुठल्या चौकोनात शिंकू?"

सिदू वरून खेकसला. त्यानंतर कुणी थट्टा केली नाही. सगळे त्याला सिद्या म्हणायचे ते मालक म्हणू लागले. सिदूला ते बरे वाटले.

ओतकामाचा दिवस आला. चौघांनी मूस उचलली, धार सुरू झाली. साचा अर्धा भरला आणि नाथाकाकांचा गुडघा वाकू लागला. गणू हाताच्या अंतरावर होता, पण दोघांच्या मध्ये फक्कीची रेघ होती. काकांनी खांदा बदलायला दांडी क्षणभर टेकली. धार तुटली.

साचा फोडून घंटेवर टोला दिला, तर मडके आपटल्यासारखा आवाज आला.

"काकांचा पाय वाकलेला कुणालाच दिसला नाही?" सिदू ओरडला.

"दिसला की," पारूआत्या म्हणाल्या. "सगळ्यांना दिसला."

"मग?"

"आम्ही आपापल्या चौकोनात होतो, मालक."

मालक हा शब्द सिदूला आता ऐकवेना. तो मचाणाकडे गेला नाही. कोपऱ्यातली केरसुणी घेऊन तो खाली वाकला आणि एकेक चौकोन झाडू लागला. फक्की डोळ्यांत गेली म्हणून असेल, पण त्याचे डोळे वाहत होते. तो भट्टीभोवतीच्या रेघेपाशी आल्यावर नाथाकाकांनी केरसुणी धरली.

"ही राहू दे. हिच्या आत अनवाणी पाय नको. ही रेघ आमच्या पायांसाठी आहे."

"बरं काका," सिदू म्हणाला. "आणखी कुठली हवी, ते तुम्हीच सगळे ठरवा."

बिघडलेली घंटा पुन्हा वितळवता येते, हे त्या धंद्याचे मोठे सुख. साचा नवा झाला, भट्टी पेटली. सिदूने दादाचा पंचा खुंटीवरून काढून खांद्यावर टाकला. कुठे उभे राहावे ते कळेना, म्हणून तो जाऊन सगळ्यांच्या मागे उभा राहिला.

मचाणावरून त्याला डोकी दिसायची. इथून टाचा दिसत होत्या. खांदा खचायच्या आधी टाच डळमळते, हे त्याने तेव्हा पाहिले. नाथाकाकांची टाच हलली मात्र, सिदूचा खांदा दांडीखाली गेला. पलीकडे पारूआत्यांनी चाळण टाकून या वेळी दांडीवर असलेल्या गणूला खांदा दिला. धार तुटली नाही. सिदूला आता कुणाला काही विचारायचे उरले नाही.

घंटा घाटावर टांगली आणि गणूने टोला दिला. आवाज पाण्यावरून पलीकडच्या काठाला गेला. तिकडून नावाड्यांनी वल्ही उंच केली. पारूआत्यांनी गणूला ओढून तिथेच फुगडी घातली.

"सिद्या, गूळ आण," नाथाकाका म्हणाले.

सिदूने गूळ आणला. मग त्याने मचाण मोडले आणि त्याच्या फळ्यांचा, सगळे एका ओळीत बसून भाकरी खातील असा, लांबलचक बाक केला. पारूआत्या आधी बसल्या.

"हलतोय रे, सिद्या."

सिदू गुडघ्यांवर बसला, बाकाखाली शिरला आणि त्याच्या पायाला त्याने एक पाचर ठोकली.

तात्पर्य: सगळ्यांनी मिळून, एकमेकांना जपण्यासाठी केलेला नियम कामाला बळ देतो, पण जो नियम एकमेकांना हात द्यायची रीतच मोडतो, त्याने प्रत्येक जण आपल्या जागी राहतो आणि काम मात्र बिघडते.