रांगेतला दगड

“जे मुळात नाहीच, त्याची चोरी कशी होईल, बाबा?”

सैदूबाबा फकीर आपल्या तकियाचं, म्हणजे फकिरांच्या मठाचं अंगण झाडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारे अवर सचिव निनाद कारखानीस मुंबईहून आले होते. मोबाइलवरच्या खेळांतली नाणी रोखीत विकण्यावर बंदी घालणारा मसुदा त्यांच्या बगलेत होता. साहेब आयुष्यात एकही खेळ खेळले नव्हते. त्यामुळे मसुद्यात एकही शंका नव्हती.

कडुनिंबाखाली नसीम पखाली उभी होती. दोन वर्षं खेळून जमवलेली नाणी एका दलालाने तिच्याकडून घेतली आणि पैसे न देताच फोन बंद केला. नर्सिंगच्या प्रवेशाची फी भरायला चार दिवस उरले होते. पोलीस तक्रार घेत नव्हते. म्हणून बाबांनी साहेबांना पत्र घातलं होतं.

“पडद्यावरची चित्रं आहेत ती,” साहेब म्हणाले. “चित्र चोरीला गेलं म्हणून सरकारने पंचनामा करायचा?”

“मी दोन वर्षं…” नसीम म्हणाली.

“तू मध्ये बोलू नकोस.”

अंगणात दगडांची रांग होती. गुरुवारी बाबांना भेटायला येणारे पहाटेच दगड ठेवून नंबर लावत आणि सावलीत जाऊन बसत. झाडलोट झाल्यावर बाबांची बैठक सुरू होई.

बाबा तिसऱ्या दगडाशी थांबले.

“हा कुणाचा?”

“माझा,” साहेब म्हणाले. “पहाटे पाचला ठेवलाय.”

बाबांनी झाडूने तो दगड गटारात लोटला.

“अहो, बाबा! माझा नंबर होता तो.”

“दगड होता.”

“पाच तास बसलोय मी इथे…”

“साहेब, दुसरा घ्या की,” मागून एक म्हातारी म्हणाली. “माळावर ढिगानं पडल्यात.”

रांग हसली. साहेब हसले नाहीत. ते गटाराकडे बघत राहिले.

मग म्हणाले, “पण बाबा, इथले पुढचे नंबर विकलेही जात असतील.”

“जातात.”

“मग बंद का नाही करत?”

“केले होते एकदा. सगळे दगड उचलून टाकले. त्या गुरुवारी दारात चेंगरून एका बाईचा हात मोडला.”

“आणि आता?”

“आता कोण विकतो ते मला ठाऊक असतं. एकच नंबर दोघांना विकला, तर त्याला इथे उभं करतो. सगळ्यांसमोर.”

साहेबांनी मसुदा उघडला. पहिल्याच ओळीत ‘संपूर्ण बंदी’ असं होतं. त्यांनी पेन काढलं. ते शब्द खोडले. वरची जागा कोरी राहिली…

“मग काय लिहू?”

बाबांनी झाडू भिंतीला टेकवला आणि नसीमकडे बोट केलं.

“आधी तिचं नाव लिही.”