पाजणाऱ्यानं आधी प्यावं

बसा मंडळी, समोरच्या ओट्यावर बसा. विहिरीच्या कठड्यावर नको, तिथे या गल्लीतलं कुणी बसत नाही. सकाळपासून तुम्ही लाल रंगाची जुनी कचेरी पाहिलीत, टेकडीवरचं बिनछपराचं चर्च पाहिलंत, फुलांनी मढवलेल्या आणि मोठमोठ्यानं गाणी वाजवणाऱ्या सायकलरिक्षात बसून फोटोही काढलेत. मलाक्काला आलेले लोक एवढं बघतात आणि जातात. माझ्याबरोबर आलेल्यांना मात्र मी ही विहीर दाखवल्याशिवाय सोडत नाही. माझं नाव शालन. माहेरची वेंगुर्ल्याची परब, सासरची पिल्लै. सासरची माणसं चिट्टी, म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी तमिळ मुलखातून व्यापाराला आलेली आणि इथेच रुजलेली. बोलतात मलय, पुजतात मारिअम्मन देवीला.

मघाशी मी पेला भरला, तुमच्यादेखत आधी स्वतः प्यायले आणि मग तुमच्यापुढे धरला, तेव्हा गद्रेकाकांच्या कपाळावरची आठी मी पाहिली बरं का. काकूंच्या कानात म्हणालेही ते, "आपल्याकडे आधी पाहुण्याला देतात." काका, माझ्या माहेरीही तेच. या गल्लीत उलटं आहे. इथे पाजणारा आधी पितो, जरा थांबतो आणि मगच पाहुण्याला देतो. कुणी विसरून आधी पाहुण्यापुढे पेला केला, तर म्हातारी माणसं त्याचं मनगट धरतात.

ही विहीर नेनेक वळ्ळीची. नेनेक म्हणजे आजी. ती नेमकी कुणाची आजी हे आता कुणालाच सांगता येत नाही, म्हणून ती सगळ्या गल्लीची. गोष्ट कुठल्या सालची ते मला विचारू नका. पुस्तकात ती सापडणार नाही. माझ्या सासूबाईंनी मला सांगितली, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी सांगितली.

असं सांगतात, की तेव्हा किल्ल्यात जुने गोरे होते आणि समुद्रावरून नवे गोरे तो किल्ला घ्यायला आले. गोऱ्यांची आपसातली भांडणं, त्यात मेली आपली माणसं. वेढा सहा महिने चालला म्हणे. नव्या गोऱ्यांनी लावलेल्या तोफांचे गोळे किल्ल्यावर कमी आणि तटाबाहेरच्या या वस्तीवर जास्त पडायचे. वळ्ळीचा नवरा असाच एका गोळ्यानं गेला. घरात ती आणि तिची मुलगी पोन्नी, दोघीच उरल्या. वळ्ळीचं काम घरोघर पाणी भरण्याचं. डोक्यावर एक कळशी, कमरेवर एक. नदी पावलावर आहे खरी, पण भरतीला समुद्र तिच्यात शिरतो आणि पाणी खारट होतं. पिण्याला या विहिरींचाच आधार होता.

एका सकाळी नदीपलीकडून एक बाई तीन लेकरं घेऊन वळ्ळीच्या दारात आली. घर जळालेलं, तीन दिवस पोटात काही नाही. वळ्ळीनं घरामागच्या विहिरीचं पाणी शेंदलं. तिचाही घसा कोरडा पडला होता. पण आधी पाहुणा, मग आपण, हे तिच्या आईनं तिला शिकवलेलं. तिनं आधी लेकरांना पाजलं, मग त्यांच्या आईला. स्वतःसाठी पेला भरेपर्यंत धाकटं आडवं झालं. दुपारच्या आत चौघंही गेली.

किल्ल्यातल्या जुन्या गोऱ्यांनी बाहेरच्या विहिरींत विष कालवलं होतं. इथले कोळी एका वेलीची मुळी ठेचून पाण्यात टाकतात, त्यानं मासे गुंगून वर येतात. तीच मुळी, पोत्यांनी. शत्रूला पाणी मिळू नये एवढंच त्यांच्या मनात होतं. वस्तीचं काय, हा विचारच कुणी केला नाही.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. लोक मग एकाही विहिरीला हात लावेनात. दोन दिवस असे गेले. म्हातारी माणसं ओला फडका चोखून राहिली, तान्ह्या पोरांना रडण्याचंही त्राण राहिलं नाही. तिसऱ्या दिवशी उजाडताच वळ्ळी या विहिरीवर आली. तेव्हा इथे मोठा फणस होता. तिनं पाणी शेंदलं, सगळ्यांसमोर पेलाभर प्यायली आणि कठड्यावर बसली. म्हणाली, "फणसाची सावली या कडेवरून त्या कडेला जाईपर्यंत मी बसते. तेव्हा बोलत असले तर प्या. नसले तर पिऊ नका."

सावली सरकली. वळ्ळी बोलत होती. त्या दिवशी गल्ली पाणी प्यायली. सासूबाई हा भाग सांगताना नेहमी थांबायच्या, मीही थांबते.

पण एका दिवसानं काय होणार? किल्ल्यातली माणसं कधी येऊन काय टाकून जातील याचा नेम नव्हता. म्हणून वळ्ळीला रोज प्यावं लागे आणि रोज बसावं लागे. लोक कळशा पुढ्यात घेऊन त्या सावलीकडे बघत बसत. कुणी चाळीस दिवस म्हणतं, कुणी साठ. पोन्नी आईच्या पाया पडली. एक दिवस तू पी, एक दिवस मी पिते, म्हणाली. वळ्ळीनं ऐकलं नाही. "त्या लेकरांना पाजलं तो हात माझा होता. तुझा नव्हता," एवढंच ती म्हणाली. मला वाटतं, तिला मरायचं नव्हतं. ती पोरं रोज डोळ्यांपुढे येत असणार आणि पाण्याचा तो पहिला घोट घेतल्याखेरीज तिला दिवस सुरू करता येत नसणार.

मग एका सकाळी तोफा थांबल्या. तट फुटला, किल्ला नव्या गोऱ्यांच्या हाती गेला. वळ्ळी नुकतीच पाणी पिऊन बसली होती, सावली अजून अर्ध्यावरही आली नव्हती. तेवढ्यात नव्या गोऱ्यांचे वीस-पंचवीस शिपाई गल्लीत शिरले. तापानं फणफणलेले, ओठ फुटलेले, कुणी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालणारे. विहीर दिसताच ते धावले. आणि नेमकी तेव्हाच वळ्ळीची जीभ बधिर व्हायला लागली होती. किल्ला सोडता सोडता जुन्या गोऱ्यांनी शेवटचं पोतं इथे रिकामं केलं होतं.

तिला एकटीलाच ते कळलं असं नाही. शेजारच्या म्हातारीनं तिचा चेहरा पाहिला आणि ओळखलं. ती हळूच म्हणाली, "गप्प राहा, वळ्ळी. पिऊ दे त्यांना." गल्लीतल्या एकाही माणसानं म्हातारीला अडवलं नाही. कोण अडवणार? याच शिपायांच्या गोळ्यांनी घरटी एक तरी माणूस नेलं होतं. वळ्ळीचा नवराही नेला होता. तिला काही करावंही लागणार नव्हतं, नुसतं बसून राहिलं की झालं असतं.

वळ्ळी उठली. पुढच्या शिपायानं भरलेला पोहरा तिनं त्याच्या हातातून ओढून मातीत उपडा केला. त्यांना वाटलं, बाई पाणी नाकारते आहे. एकानं बंदुकीचा दस्ता तिच्या खांद्यात घातला. ती पडली, पुन्हा उठली आणि पदर खोचून विहिरीच्या तोंडावरच्या आडव्या लाकडावर जाऊन बसली, कुणाला पोहरा सोडताच येऊ नये म्हणून. पोन्नी रडत ओरडली, "आई, ते आपले कोण लागतात?"

वळ्ळीची जीभ तोवर जड झाली होती. तरी जे बोलली ते गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकलं. "विहिरीवर आलेला पाहुणाच असतो. एकदा चुकले. पुन्हा नाही."

मग तिच्या तोंडाला फेस आला, तेव्हा शिपायांना समजलं. ज्यानं दस्ता मारला होता त्यानंच तिला लाकडावरून उचलून खाली आणलं, असं सांगतात. सावली पलीकडच्या कडेला पोहोचायच्या आत ती गेली. कुणी म्हणतं माराने गेली, कुणी म्हणतं विषाने. मला विचाराल तर दोन्ही गोऱ्यांनी मिळून तिला मारलं. पण ते शिपाई त्या दिवशी तहानलेलेच परत गेले, दुसऱ्या दिवशी दोर आणि बादल्या घेऊन आले आणि चार दिवस खपून त्यांनी ही विहीर तळापर्यंत उपसून काढली म्हणे. पाणी पुन्हा भरलं तेव्हा लोक कळशा घेऊन उभे राहिले, पण पुढे कुणी होईना. शेवटी पोन्नी गेली. तिनं पेला भरला, स्वतः प्यायली, थांबली आणि मग शेजारच्या म्हातारीला दिला. म्हातारीनं तो दोन्ही हातांनी घेतला.

तेव्हापासून ही रीत आहे. आता गल्लीत नळ आले, फ्रिज आले, बाटलीबंद पाणी आलं. तरी आजही इथे लग्नात वराकडच्यांना पाणी देण्याआधी वधूची आई पिते. भाडेकरू चिनी असो, पोस्टमन मलय असो, त्याच्या देखत आधी आपण प्यायचं. माझं लग्न होऊन मी आले, त्या दिवशी सासूबाई माझ्यासमोर घटाघट पाणी प्यायल्या आणि मग पेला माझ्या हातात दिला. मला अपमान वाटला, आठवडाभर मी त्यांच्याशी नीट बोलले नाही.

बारा वर्षांपूर्वी त्या गेल्या. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, आता तोंडात चमचाभर पाणी घाला, काही तासांचाच प्रश्न आहे. मरणाऱ्या माणसाला पाण्याचं कसलं भय? मी चमचा भरून घाईनं त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी ओठ मिटून घेतले. डोळे उघडे होते आणि माझ्याकडे लागलेले. मग माझ्या ध्यानात आलं. तो चमचा मी प्यायले, दुसरा भरला आणि जरा थांबले. तेव्हा सासूबाईंनी तोंड उघडलं.