वेळेवर पोहोचलेल्या बहिणी

समुद्रालाच आठवत असेल अशी ही जुनी गोष्ट. एका जहाजाच्या पोटात काचेच्या बारीक तारेचं वेटोळं होतं. त्यात उजेडाच्या दोन तिरिपी, सख्ख्या बहिणी, एकाच दारातून उलट दिशांना धावत आणि फेरी मारून त्याच दारात भेटत. जहाज वळलं की दार सरके, एकीला उशीर होई आणि दुसरी तिला टोमणे मारी. त्या उशिरावरूनच जहाज वळल्याचं कळे.

एकदा घंटा घणघणली, "समोर खडक आहे, वळा."

सुकाणू म्हणालं, "हुकूम आल्याशिवाय मी हलत नाही."

दोघी धावल्या आणि एकदमच पोहोचल्या. म्हणजे जहाज वळलंच नव्हतं.

"ताई, या खेपेला तू मागे राहा गं," धाकटी रडत म्हणाली.

पण उशीर करणं त्यांच्या हातात नव्हतं. जहाज फुटेपर्यंत दोघी अगदी वेळेवर येत राहिल्या.